फनेल झोन: उंची वाढवून मागू नका, हक्क दुसरीकडे वापरू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर या भागांतल्या पन्नास-साठ वर्षांच्या इमारती मोडकळीला आल्या आहेत आणि त्यांचा पुनर्विकास विमानतळाच्या उंचीमर्यादेपाशी येऊन अडतो. निवडणूक जवळ आली की ‘मर्यादा शिथिल करून आणू’ असे सगळेच पक्ष सांगतात. हे आश्वासन पाळता येण्यासारखे नाही. ती मर्यादा विमानाच्या चढण्या-उतरण्याच्या गणितातून आलेली आहे, ती शिथिल करणे मंत्र्याच्या हातात नाही. रहिवाशांचे नुकसान मात्र खरे आहे, आणि ते बांधकामहक्काच्या रूपाने भरून देता येते. मागणी त्याची व्हायला हवी.

ज्याला सरसकट फनेल झोन म्हणतात त्यात मुळात दोन वेगळ्या मर्यादा आहेत. मुंबई विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १२ मीटर उंचीवर आहे. धावपट्ट्यांभोवती ४ किलोमीटरपर्यंत, विमानतळाच्या पातळीच्या ४५ मीटर वर एक आडवे छत कल्पिलेले असते. १२ आणि ४५ मिळून ५७. पार्ल्यापासून कुर्ल्यापर्यंतच्या अनेक एनओसींवर (उंचीच्या ना-हरकत दाखल्यांवर) समुद्रसपाटीपासून ५७ मीटरच्या आसपासचा आकडा दिसतो, तो इथून येतो. चार किलोमीटरच्या पुढे हे छत २० मीटरला १ मीटर या उताराने चढते, सहा किलोमीटरवर विमानतळाच्या पातळीच्या १४५ मीटर वर पोचते, आणि तिथून १५ किलोमीटरपर्यंत १५० मीटरची मर्यादा असते.

दुसरी मर्यादा म्हणजे खरे फनेल. धावपट्टीच्या टोकापासून ६० मीटरवर सुमारे ३०० मीटर रुंदीने ते सुरू होते आणि दोन्ही बाजूंना १५-१५ टक्क्यांनी पसरत जाते. तीन किलोमीटरवर त्याची रुंदी जवळजवळ १,२०० मीटर होते. पहिल्या तीन किलोमीटरांत त्याचा चढ अवघा ५० मीटरला १ मीटर. म्हणजे टोकापासून एक किलोमीटरवर हे छत जेमतेम १९ मीटरवर असते, तीन किलोमीटरवर ५९ मीटरवर.

गच्चीवरून विमाने पाहणारा माणूस इथे हटकून एक प्रश्न विचारतो. उतरणारे विमान तीन अंशांच्या कोनातून येते, म्हणजे तीन किलोमीटरवर ते १७० मीटरच्या आसपास असते. मग खालची शंभर-सव्वाशे मीटर हवा मोकळी कशाला ठेवायची? याचे उत्तर टेकऑफमध्ये आहे. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन ऐन टेकऑफला बंद पडले तर उरलेल्या एका इंजिनावर, चाके आत घेतल्यानंतर, त्याला किमान २.४ टक्के चढता आले पाहिजे अशी प्रमाणपत्राची अट आहे. अडथळ्यांचा हिशेब करताना त्यातूनही ०.८ टक्का वजा करतात. उरतात १.६ टक्के, म्हणजे किलोमीटरमागे १६ मीटर. मे महिन्यातल्या दुपारी हवा विरळ आणि विमान पूर्ण भरलेले असताना त्या विमानाला यापेक्षा फारसे जास्त जमत नाही. मार्गात इमारत उंच झाली की विमान कंपनी माल किंवा प्रवासी कमी घेते. हा तोटा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ‘इतकी वर्षे काही झाले नाही ना’ असे म्हणणे सोपे जाते.

उतरण्याच्या बाजूचा हिशेब तर तिसरीतल्या मुलालाही जमेल. फनेलचा चढ ५० ला १ असल्याने इमारत त्यात एक मीटर घुसली की धावपट्टीचा उतरण्याचा आरंभबिंदू ५० मीटर आत घ्यावा लागतो. तीन मीटरचा एक मजला म्हणजे १५० मीटर धावपट्टी, पाच मजले म्हणजे ७५० मीटर. मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे ३,४५० मीटरची आहे आणि दुसरी सुमारे २,८७० मीटरची. दोन्ही एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी पूर्ण क्षमतेने वापरता येत नाहीत. असे असूनही ११ नोव्हेंबर २०२३ रोजी या विमानतळावर एका दिवसात १,०३२ विमाने चढली-उतरली. इतक्या ताणलेल्या धावपट्टीचे दीडशे मीटर एका सोसायटीच्या एका मजल्यासाठी कोणी देणार नाही, आणि देऊही नयेत.

‘लोअर परळला २८० मीटरचा टॉवर चालतो, मग आम्हाला ५७ च का?’ हा आक्षेप सभांमध्ये टाळ्या घेतो. लोअर परळ विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आसपास आहे, बाहेरच्या आडव्या छताखाली. त्या पट्ट्यात वैमानिकी अभ्यास करून, विमानांच्या प्रत्यक्ष मार्गांना बाधा येत नसेल तर जास्त उंची देता येते. तिथेही हात आखडता असतो: वर्ल्ड वन हा टॉवर मुळात ४४२ मीटरचा योजला होता, विमानतळ प्राधिकरणाच्या नकारानंतर तो २८० वर थांबला. आतल्या ४५ मीटरच्या छतातही अशा अभ्यासाला काही वाव असतो. खऱ्या फनेलमध्ये तो जवळजवळ नसतो. म्हणून आपला भूखंड नेमका कोणत्या पृष्ठभागाखाली, म्हणजे वरच्यापैकी कोणत्या छताखाली, येतो हे सोसायटीने पहिल्या बैठकीतच विचारावे. बिल्डरने ‘अपिलात वाढवून घेऊ’ म्हटले तर कोणत्या पृष्ठभागाच्या अपिलात, हे लेखी मागावे.

आता एनओसीकडे. २०१५ च्या उंचीनियमांप्रमाणे विमानतळाभोवतीचा परिसर चौकटींत विभागून रंगीत नकाशे केलेले आहेत. लाल सोडून इतर रंगांच्या चौकटीत नकाशावर दिलेल्या उंचीपर्यंत महापालिका स्वतः परवानगी देऊ शकते. लाल चौकटीत किंवा जास्त उंची हवी असेल तर भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ऑनलाइन प्रणालीत अर्ज करावा लागतो. अर्जात भूखंडाच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस-८४ प्रणालीत आणि जमिनीची पातळी समुद्रसपाटीपासून द्यायची असते. निम्म्या भानगडी याच दोन ओळींत होतात.

जीपीएस यंत्राचा कच्चा उंचीचा आकडा समुद्रसपाटीपासूनचा नसतो. तो एका गणिती लंबगोलापासूनचा असतो, आणि मुंबईत या दोहोंत ६० ते ७० मीटरचा फरक पडतो. एवढी मोठी चूक निदान लगेच लक्षात येते. जास्त घातक चूक महापालिकेच्या पातळ्यांची. मुंबईत गटारे, रस्ते, जोते यांच्या पातळ्या टाउन हॉल डेटम या शहराच्या स्वतंत्र संदर्भपातळीपासून लिहिण्याची जुनी पद्धत आहे. सखल भागात भरणी निदान २७.५५ पर्यंत हवी हा आकडा प्रत्येक वास्तुविशारदाला पाठ असतो. तो टाउन हॉल डेटमचा आहे, आणि समुद्रसपाटीच्या आकड्यापेक्षा वीस मीटरहून अधिक आहे. जमीन २७ मीटरवर आहे असे अर्जात गेले की ५७ मधून २७ वजा होऊन सोसायटीच्या वाट्याला ३० मीटर येतात, जिथे प्रत्यक्षात ५० च्या आसपास मिळाले असते. सर्वेक्षकाकडून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बेंचमार्कपासून पातळी आणलेली असावी, आणि त्या बेंचमार्कचा क्रमांक दाखल्यावर लिहिलेला असावा. फी थोडी जास्त पडते.

पुढचा घोळ मजल्यांचा. एनओसीतला आकडा हा इमारतीच्या सर्वांत वरच्या टोकाचा असतो. गच्चीवरची पाण्याची टाकी, जिन्याची खोली, लिफ्टची मशीन रूम, टीव्हीचा अँटेना, लायटनिंग अरेस्टर, यातले काहीही त्या आकड्यावर जाता कामा नये, असे एनओसीच्या अटींतच लिहिलेले असते. समजा जमीन समुद्रसपाटीपासून ८ मीटरवर आहे आणि परवानगी ५७ ची. हातात आले ४९ मीटर. अरेस्टरचे दीड, टाकी आणि मशीन रूमचे सहा गेले की ४१.५. जोते आणि स्टिल्ट मिळून साडेचार, उरले ३७. मजल्याला २.९५ मीटर धरले तर बारा मजले बसतात आणि दीड-पावणेदोन मीटर शिल्लक राहते. बिल्डरचा प्रस्ताव ‘४९ भागिले ३ म्हणजे सोळा मजले’ असा आला असेल, तर त्यातले चार मजले कागदावरच राहणार. कोणत्या सभासदाला कितवा मजला याचे करार मात्र तोवर झालेले असतात.

ते शिल्लक दीड-पावणेदोन मीटरही मजल्यांत वाटून टाकू नयेत. प्रत्येक स्लॅब जागेवर दीड-दोन सेंटिमीटर जाड पडतो, बारा-तेरा स्लॅबांत ते पाव मीटर होते, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची भर वेगळी. ओसीच्या (भोगवटा प्रमाणपत्राच्या) वेळी वरच्या टोकाची मोजणी होते आणि टाकीचा वरचा भाग तोडायची पाळी येते. बांधकामाच्या क्रेनलाही वेगळी तात्पुरती परवानगी लागते, कारण टॉवर क्रेनची भुजा इमारतीच्या वर दहा मीटर तरी जाते. मर्यादेला टेकणारे शेवटचे दोन-तीन मजले क्रेनशिवाय, होइस्ट आणि पंपावर करायचे असे आधीच ठरवावे. एनओसीला मुदत असते. सभासदांच्या भांडणात ती उलटली की अर्ज नव्याने. (आठ किलोमीटरच्या आतली भट्टी तेलावर किंवा विजेवरच चालली पाहिजे, अशीही एक अट त्या कागदावर असते. ती कोणी वाचते की नाही, देव जाणे.)

हे सगळे सांभाळले नाही की काय होते ते आपल्यासमोर आहे. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विमानतळाभोवतीच्या ४८ इमारतींच्या अडथळा ठरलेल्या भागांवर कारवाई करायला जिल्हाधिकाऱ्यांना सांगितले. त्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी घरे पूर्ण पैसे मोजून घेतलेली होती.

नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाल्यावर एक नवी आशा ऐकू येते: आता इथली मर्यादा उठेल. हाँगकाँगचा काई टाक विमानतळ जुलै १९९८ मध्ये बंद झाला आणि कौलूनवरची उंचीमर्यादा गेली, हे खरे. तिथे जुना विमानतळ पूर्णपणे बंद झाला होता. बंगळुरूत उलट घडले. २००८ मध्ये प्रवासी विमाने देवनहळ्ळीला गेली, पण जुन्या विमानतळाची, एचएएलची, धावपट्टी चालूच राहिली आणि भोवतालच्या भागाला उंचीची एनओसी आजही चुकलेली नाही. मुंबईत दोन्ही विमानतळ चालणार आहेत. विमाने कमी झाली म्हणून छत वर जात नाही. दिवसाला एक विमान उतरत असले तरी फनेल तेवढेच.

फरक पडेल तो धावपट्टी कायमची बंद झाली तरच. मुंबईची छेदणारी १४/३२ धावपट्टी पुढेमागे निवृत्त करता येईल का, याचा अभ्यास नवी मुंबई पूर्ण क्षमतेने चालू लागल्यावर जरूर व्हावा. तिचे एक टोक कुर्ल्याच्या बाजूला आणि दुसरे अंधेरीच्या बाजूला असल्याने दोन्हीकडची फनेल मोकळी होतील. घाई मात्र नको. १ जुलै २०१९ च्या रात्री पावसात एक विमान मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरून चिखलात रुतले आणि ती धावपट्टी जवळजवळ चार दिवस बंद होती; तेव्हा मुंबई चालली ती याच दुसऱ्या धावपट्टीवर.

जुहूचे प्रकरण वेगळे. १९२८ पासूनचा हा आपला पहिला नागरी विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले. सांताक्रूझच्या मुख्य विमानतळाच्या इतका जवळ की १९५३ मध्ये एक कॉमेट आणि १९७२ मध्ये एक डीसी-८ चुकून इथे उतरले. आज तिथे मुख्यतः समुद्रातल्या तेलफलाटांकडे जाणारी हेलिकॉप्टरे असतात, पण धावपट्ट्या विमानाच्या म्हणून जपलेल्या असल्याने जुहू-पार्ले पश्चिमेवर सांताक्रूझच्या छतांखाली जुहूची वेगळी छते येतात. निव्वळ हेलिपोर्टला लागणारे पृष्ठभाग बरेच आटोपशीर असतात. जुहूला हेलिपोर्ट म्हणून नव्याने आखले तर काय मोकळे होईल, याचा नकाशा प्राधिकरणाने प्रसिद्ध करावा. मोकळ्या होणाऱ्या जमिनीवर डोळा ठेवून हा विषय काढणारेही आहेत, म्हणून जागेचा प्रश्न आणि उंचीचा प्रश्न एकाच ठरावात घालू नयेत.

उरतो तो उपाय टीडीआरचा, म्हणजे जागेवर न बसलेला बांधकामहक्क प्रमाणपत्राच्या रूपाने दुसरीकडे वापरू किंवा विकू देण्याचा. त्याची चर्चा जुनी आहे. तो नियमात कोणत्याही रूपाने उतरो, तपशील चुकले तर सोसायटीच्या हाती रद्दी येईल. समजा एका भूखंडाचा हक्क ४,००० चौरस मीटरचा आहे आणि उंचीत ३,२०० च बसले. उरलेल्या ८०० चा टीडीआर मिळावा, पण तो भूखंडाच्या मूळ आणि पुनर्वसनाच्या हक्काचाच. प्रीमियम भरून विकत घ्यायच्या एफएसआयचा (जादा चटईक्षेत्राचा) त्यात समावेश केला तर जे घेतलेच नाही त्याची भरपाई दिल्यासारखे होईल. २०३४ च्या विकास नियंत्रण नियमावलीत टीडीआर जिथून निघतो आणि जिथे वापरला जातो त्या दोन्ही जागांच्या रेडीरेकनर (सरकारी जमीनमूल्य) दरांच्या प्रमाणात बदलतो. निघण्याच्या जागी दर दुप्पट असेल तर ८०० चे १,६०० होतात. पार्ले-सांताक्रूझला हे सूत्र फायद्याचे आहे. कुर्ल्याच्या जरीमरीसारख्या भागात दर कमी, तिथे तेच सूत्र उलटे फिरेल. तिथल्यासाठी किमान एकास एक अशी मर्यादा घातली पाहिजे.

प्रमाणपत्र कधी द्यायचे तेही ठरवा: अर्धे जोत्यापर्यंत काम झाल्यावर, अर्धे जुन्या रहिवाशांना ताबा दिल्याच्या ओसीनंतर. सगळे आधी दिले की बिल्डर टीडीआर विकून मोकळा आणि रहिवासी भाड्याच्या घरात. आणि बाजार? धारावी पुनर्विकासातून निघणाऱ्या टीडीआरचा ठरावीक वाटा आधी घेणे बंधनकारक झाल्यावर इतर टीडीआरला गिऱ्हाईक कमी राहते. फनेलच्या टीडीआरसाठी राखीव वाटा नसेल तर तो वर्षानुवर्षे पडून राहील.

हा खर्च शहराने का सोसायचा, असे विचारले जाते. ज्या हवेतून शहराची विमाने जातात ती विमानतळाच्या कुंपणातल्या जमिनीइतकीच विमानतळाची गरज आहे. जमीन घेताना मोबदला देतो, हवा मात्र फुकट घेत आलो आहोत, आणि तो भार मोजक्या वस्त्यांवर टाकला आहे.

मुंबईत ही दुरुस्ती उशिरा होते आहे. नवी मुंबईत वेळ गेलेली नाही. तिथे ३,७०० मीटरच्या दोन समांतर धावपट्ट्या योजल्या आहेत, एकमेकींपासून सुमारे १,५५० मीटर अंतरावर. चालू झाली आहे एकच. दुसरीची छते मात्र आजच जपावी लागतील, नाहीतर ती होईपर्यंत तिच्या टोकांना इमारती उभ्या राहिलेल्या असतील. विमानतळाला जमीन देणाऱ्या गावकऱ्यांना २२.५ टक्के योजनेचे भूखंड विमानतळालगतच मिळाले आहेत, आणि त्या भूखंडांचे व्यवहार मजल्यांच्या हिशेबाने होतात. सिडकोने प्रत्येक वाटपपत्रावर दोन आकडे छापावेत: जमिनीची समुद्रसपाटीपासूनची पातळी आणि दोन्ही धावपट्ट्या धरून परवानगी असलेले वरचे टोक. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने या सगळ्या पृष्ठभागांची रचनाच बदलली आहे आणि ती नोव्हेंबर २०३० पासून लागू व्हायची आहे, त्यामुळे आकडे कोणत्या नियमाचे, हेही तिथेच लिहावे. नैनात (नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात) अंतर जास्त असल्याने अडचण कमी येईल. तरी नगररचना योजनेचे अंतिम भूखंड आखतानाच रंगीत नकाशा त्यावर ठेवून पाहायला काही खर्च येत नाही. फनेलच्या पट्ट्यात गोदामे, बस डेपो, मैदाने टाकता येतात. तळी आणि कचऱ्याची केंद्रे मात्र नकोत, ती पक्षी ओढतात.

आपला विश्वासू,
एक वास्तुविशारद, विलेपार्ले (पूर्व)